ओलं ते ओवळं

नितीन खरवडकरने मुळ्येकाकूंना फसवलं. मासे त्याच्यामुळे मेले आणि दोष काकूंनी स्वतःच्या डोक्यावर घेतला. हे आधीच सांगून टाकतो. मी पाइपांचा व्यापारी आहे. गिऱ्हाइकाला आधी माल दाखवायचा, चहा मग पाजायचा, ही माझी पद्धत. ज्यांना नुसता चहाच हवा असेल त्यांनी नितीनच्या दुकानात जावं. तिथे फार चांगला मिळतो.

आता काकूंबद्दल.

इंदूरच्या स्नेहलतागंजात माझं नळ-पाइपांचं दुकान आहे. वडील मिलमध्ये होते, मिल बंद पडली, मी हातगाडीवर तोट्या विकायला लागलो आणि तिथून इथवर आलो. मला कोणी आणून सोडलेलं नाही. त्यामुळे माणूस पायरी चढला की हा घेणार किती आणि घासाघीस करणार किती, हे मला त्याच्या चपलांवरूनच कळतं. काकूंच्या पायात काळ्या रबरी सपाता होत्या आणि त्या पायरीवर काढून ठेवून त्या आत आल्या. पाइपांच्या दुकानात चपला काढून येणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं.

उंच, हाडकुळ्या, पांढरे केस मानेपर्यंत कापलेले, सुती साडी घोट्याच्या वर खोचलेली. सरकारी ऑफिसात आयुष्यभर टायपिंग करून निवृत्त झालेल्या. बोटं अजून टाइपरायटरवर असल्यासारखी सरळ.

"जाड पाइपाचे वीतभर तुकडे हवेत," त्या म्हणाल्या. "आणि दोन-चार वळणाचे एल्बो. चिकटवायचं सोल्यूशन लागलेलं बिलकुल नको."

"कशाला, काकू? वॉशबेसिनला का?"

"माशांना लपायला."

मी भाव सांगितला. सगळ्यांना सांगतो तसा, म्हणजे नंतर खाली येता येईल असा. त्या "बरं" म्हणाल्या आणि वळल्या.

"अरे काकू, कुछ तो बोलो! चला, तुमच्यासाठी निम्मा."

सपाता पायात सरकवता सरकवता त्या म्हणाल्या, "पहिला भाव खोटा होता ना? मग दुसरा खरा आहे हे मला कसं कळणार?"

दुकानात दोन प्लंबर बसले होते, ते फिदीफिदी हसले. माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "भाव तर देवळाबाहेरचा फुलवाला पण करतो, काकू."

"म्हणून मी देवळात जात नाही." मग त्यांनी कोपऱ्याकडे बोट केलं. "ते काय आहे?"

ते भंगार होतं. सुरुवातीच्या दिवसांत एका कारखान्याचे विटकरी रंगाचे पाइप मी हौसेनं उचलले होते. रंग कोणालाच आवडला नाही, पुढे तो कारखानाही बुडाला. उरले होते ते माझ्या हातून करवत तिरपी गेलेले तुकडे आणि मूठभर एल्बो.

"भंगार आहे. त्याला भाव नाही."

"मग तेच दे. ज्याला भाव नाही त्यात खोटं बोलायला जागा नाही."

सगळा ढीग त्या पिशवीत भरून घेऊन गेल्या. माझ्याकडे एक तुकडाही उरला नाही. हे लक्षात ठेवा.

समुद्राच्या माशांचा शौक मला कसा लागला ते सांगण्यासारखं नाही. एका बिल्डरच्या ऑफिसात तसली टाकी होती आणि तो माझ्याशी बोलताना माझ्याकडे न बघता तिच्याकडे बघायचा. मी दुकानामागच्या ऑफिसात त्याच्यापेक्षा मोठी टाकी बसवून घेतली. महिन्या-दोन महिन्यांत माझ्या माशांच्या अंगावर मिठाचे कण शिंपडल्यासारखे ठिपके उठले आणि ते काचेला अंग घासायला लागले. टाकी बसवणारा फोन उचलेना. मग मला काकू आठवल्या. मागच्या गल्लीतच, दुसऱ्या मजल्यावर राहायच्या. मी मासे बादलीत घातले आणि गेलो.

दार उघडलं आणि पहिला शब्द आला, "थांब."

मी उंबऱ्यावर थांबलो.

"बादली तिथेच ठेव. हात पूस. त्या टॉवेलला नाही! तो आतला आहे. हा घे बाहेरचा. पुसलेस? आता वाळू देत."

"काकू, मासे मरून राहिले आणि तुम्ही हात वाळवून राहिल्या?"

"मरणारे तुझे आहेत. आत जगणारे माझे आहेत."

मी माझ्या दुकानात कोणाचं ऐकून घेत नाही. पण तिथे उंबऱ्यावर दोन्ही हात पुढे धरून उभा राहिलो, मेंदी लावलेल्या नवरीसारखा. शेजारची बाई जिन्यातून बघून गेली.

या हात वाळवण्यामागे एक गोष्ट होती. काकू लग्न होऊन आल्या तेव्हा घरात सासऱ्यांची विधवा बहीण होती, आत्याबाई. तिचं सोवळं कडक. ओलेत्याने स्वयंपाक करायची, तिच्या पातळाला कोणाचा पदर लागला तर पुन्हा डोक्यावरून पाणी. काकू ऑफिसातून आल्या की बसमध्ये बसून आल्या म्हणून ओवळ्या. पाण्याच्या पिंपाला हात लावायचा नाही, तहान लागली तर मागायचं. आत्याबाई गेली त्या आठवड्यात काकूंनी पाट, सोवळ्याची काठी, सगळं मोडीत काढलं आणि पुन्हा कधी देवासमोर दिवा लावला नाही. पुढे नवराही गेला, मूलबाळ नव्हतं. मग एकदा दाढ दुखली म्हणून त्या एका दंतवैद्याकडे गेल्या. तिथे प्रतीक्षेच्या खोलीत खाऱ्या पाण्याची टाकी होती. दाढ बरी झाल्यावरही काकू तिथे जाऊन बसत राहिल्या. रिसेप्शनवरची मुलगी विचारायची, "आज काय दुखतंय?" शेवटी दंतवैद्यच म्हणाला, "मॅडम, तुम्ही घरीच एक टाकी ठेवा, माझी खुर्ची मोकळी होईल."

टाकी आली आणि तिच्यामागून सोवळं परत आलं. फक्त उलटं होऊन.

"आत्याबाईंचं ओलं ते सोवळं," काकू सांगायच्या. "माझं ओलं ते ओवळं. रोग पाण्यातून जातो. एक थेंब पुरतो. जाळी कडकडीत वाळली की तिच्यात काही जिवंत राहत नाही. तिला हसले आणि तिच्यासारखीच झाले बघ."

हॉलमधली मोठी टाकी म्हणजे घर. मागच्या गॅलरीत दोन लहान टाक्या, त्यांत वाळू नाही, दगड नाही, नुसती काच आणि लपायला माझे विटकरी तुकडे. कारण वाळू आणि दगड औषध पिऊन टाकतात. नवा मासा आला की आधी गॅलरीत. त्याला लोक क्वारंटाइन म्हणतात. काकू म्हणायच्या, "तो बाहेर बसलाय." पहिल्या टाकीत तांब्याचं औषध, थेंब थेंब मोजून, कारण कमी पडलं तर रोग हसतो आणि जास्त झालं तर मासा जातो. तिथली मुदत संपली की दुसऱ्या टाकीत, साध्या खाऱ्या पाण्यात, औषधाशिवाय, नुसतं बघत राहायचं. हे बघत राहणं सगळ्यात अवघड. औषध घालणाऱ्याला काहीतरी केल्याचं समाधान असतं. काकू वेताच्या मोड्यावर बसून, ओठ हलवत माशाचे श्वास मोजायच्या. त्या वेळी कोणी बोललेलं चालायचं नाही. सगळं झालं की एकच शब्द, "निघाला." तो शब्द आला की मासा न्यायचा. त्याआधी कलेक्टर आला असता तरी मिळाला नसता.

प्रत्येक टाकीची जाळी वेगळी, बादली वेगळी, टॉवेल वेगळा. जाळ्या खिळ्याला उन्हात टांगलेल्या. एक काम झालं की जाळी धुवायची, पिळायची, टांगायची आणि पूर्ण वाळल्याशिवाय दुसरीकडे न्यायची नाही. गालाला लावून बघायच्या. "बोट फसवतं. गाल फसवत नाही."

माशांना त्या नावं ठेवत नसत. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "नाव ठेवलं की हात कापतो. मग औषध कमी पडतं." पण हॉलमधल्या टाकीत नारंगी-पांढऱ्या माशांची एक जोडी होती, पहिल्यापासूनची. त्यांना त्या "ही दोघं" म्हणायच्या. "ही दोघं आज रुसलीत." "या दोघांनी खाल्लं नाही अजून." आता हे नाव नाही तर काय?

माझे मासे वाचले. सगळे नाही, पण ज्यांच्याबद्दल त्यांनी उंबऱ्यावरच "हा राहील" म्हटलं ते राहिले. माझी ऑफिसातली टाकी मात्र त्यांनी अडीच महिने माशांविना ठेवायला लावली, कारण मासा नसला की रोग उपाशी मरतो. या रिकामेपणाला त्यांचा शब्द सुतक. दंतवैद्याच्या टाकीवर एकदा ही पाळी आली तेव्हा मी काकूंकडे हजर होतो.

"मॅडम, पेशंट रिकाम्या टाकीकडे बघत बसतील का?" दंतवैद्य कळवळला.

"बसू देत. दात काय मासे काढतात?"

"दोन आठवडे चालणार नाहीत? अपॉइंटमेंट सगळ्या..."

"डॉक्टर, तुम्ही अर्धी दाढ काढता का?"

मी एवढा हसलो की मला काकूंनी बाहेर काढलं. हसताना माझा हात त्यांच्या टाकीच्या काठावर गेला होता.

असं करत करत शहरातले सगळे शौकीन काकूंकडे यायला लागले. खाऱ्या पाण्याचे मासे ठेवणारे इंदुरात असे असून असून किती असणार? सगळे एकमेकांना ओळखतात, सगळे एका ग्रुपवर. काकू पैसे घेत नसत. मीठ आणि औषध आणून दिलं तर ठेवून घेत. मी कितीदा सांगितलं, "काकू, फुकटच्या गोष्टीची लोकांना किंमत नसते." त्या म्हणायच्या, "तुला भाव लावल्याशिवाय काही दिसतच नाही, सदा."

मग नितीन आला.

विजयनगरकडे त्याने दुकान काढलं. काचा, निळे दिवे, सोफा, चहा. शिकलेला, गोड बोलणारा. पहिल्या दिवशी त्याने काकूंच्या पायांना हात लावला तेव्हा तो नुकताच पिशवीतला मासा दाखवून सरळ झाला होता आणि त्याचे हात ओले होते. काकू पाऊलभर मागे सरकल्या. मी ते पाहिलं. त्यांच्या जागी मी असतो तर तिथेच दार लावलं असतं. पण काकूंना त्याची एक गोष्ट आवडली. तो म्हणाला, "काकू, मी मुंबईहून आणलेला एकही मासा तुमच्या 'निघाला'शिवाय विकणार नाही." आजवर कोणत्याही दुकानदाराने हे म्हटलं नव्हतं. सगळे आजारी मासे विकायचे आणि मेल्यावर पाण्याला दोष द्यायचे.

आणि त्याने ते पाळलंही, काही दिवस. आठवड्याला मासे गॅलरीत यायचे, निघायचे, दुकानात जायचे. दुकानात पाटी लागली, "काकू का पास किया हुआ". पास झालेल्या माशाला तो जास्त भाव लावायचा. त्याला मी नावं ठेवत नाही, धंदा आहे. पण पाटीवर काकूंचं नाव होतं आणि ती त्यांना न विचारता लावलेली होती. मी म्हटलं, "भिया, हे नाव उधार घेतलंयस, लक्षात ठेव." तो हसून म्हणाला, "अरे भिया, काकू तो अपने घर की है."

नागपूरला काकूंची मोठी बहीण अत्यवस्थ झाली. त्या वेळी गॅलरीतल्या औषधाच्या टाकीत दंतवैद्याचा एक आजारी मासा होता. त्याच्या अंगावर सोन्याच्या भुकटीसारखी बारीक पूड दिसायची. तो रोग सगळ्यात वाईट, दोन-तीन दिवसांत टाकी साफ करतो. दुसऱ्या टाकीत नितीनने आणलेले मासे औषध संपवून शेवटच्या मुदतीत होते, चांगले खातपीत होते. काकूंनी नितीनला किल्ली दिली. खाणं किती, केव्हा, कोणत्या हाताने, सगळं दोनदा सांगितलं. मला नाही दिली. मला ते लागलं. विचारलं, तर म्हणाल्या, "तुझ्या हाताला घाई आहे."

बहीण गेली. काकू तेरावं करून परत आल्या. डोळे सुजलेले, आवाज बसलेला. मासे ठणठणीत दिसत होते, मुदत पुरी झालेली होती. आल्या त्या दिवशी त्यांनी दंतवैद्याच्या माशाचं पाणी बदललं, दुसऱ्या दिवशी बाकीच्यांकडे बघून "निघाले" म्हणाल्या. लोक घेऊन गेले. एक मासा माझ्याकडे आला. एक, कधी नव्हे तो, काकूंनी स्वतःच्या हॉलमधल्या टाकीत ठेवून घेतला. बहिणीनंतर घर फार गप्प वाटतंय, म्हणाल्या.

आठवडाही गेला नाही. पाच-सहा घरांत एकदमच मासे प्रवाहाकडे तोंड करून धापा टाकायला लागले. अंगावर तीच सोनेरी पूड. ज्यांनी काकूंच्या शब्दावर विश्वास ठेवून नवा मासा थेट घरच्या टाकीत सोडला होता, त्यांचे जुने मासेही गेले. माझे गेले. आणि "ही दोघं" गेली. मी त्या दिवशी तिथे होतो. दोघांना काढून गॅलरीत आणेपर्यंत एक उलटं झालं होतं. काकूंनी त्यांना एका जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळलं. मग हात धुतले, पुसले आणि वाळेपर्यंत पुढे धरून उभ्या राहिल्या. आता कशाला, असं मला म्हणावंसं वाटलं.

ग्रुपवर आग लागली. कोण किती वर्षांचा मासा, कोणाच्या मुलीचा आवडता, सगळं. आणि त्यात नितीनने, आमच्या गोड नितीनने, लिहिलं की काकूंबद्दल कोणी वाईट बोलू नका, त्यांचं वय झालंय, घरात दुःख झालंय, अशा वेळी माणसाचं लक्ष राहत नाही, एखादी ओली जाळी इकडची तिकडे गेली असेल, आपण सगळ्यांनी समजून घेऊ या. खाली हात जोडलेल्यांच्या रांगा. मी लिहिलं, "काकूंची जाळी ओली? दाखव कोणी पाहिली ते." मग आणखीही बरंच लिहिलं. मला ग्रुपमधून काढलं.

काकूंनी नितीनचं लिहिणं वाचलं. मोड्यावर बसून मला म्हणाल्या, "तो खरं बोलून राहिलाय. त्या दिवशी मी जाळी गालाला लावली होती का, ते मला आठवत नाही. डोळ्यांतून पाणी येत होतं, गाल ओलाच असेल. कसं कळलं असणार?"

"काकू, इतकी वर्षं तुमच्या हातून..."

"एक थेंब पुरतो, सदा. मीच सांगायचे ना?"

त्यांनी टाक्या रिकाम्या केल्या. जाळ्या धुऊन वाळवून कपाटात ठेवल्या. कोणी मासा घेऊन आलं तर दार उघडत, पण उंबऱ्यावरूनच सांगत, "माझ्या हातावर भरवसा राहिला नाही." दंतवैद्य स्वतः आला, रिकामी बादली घेऊन परत गेला. पुढे पुतण्याने त्यांना आपल्याकडे नेलं. तो सिमरोलला, तिथल्या मोठ्या इंजिनिअरिंग संस्थेच्या आवारात नोकरीला आहे. क्वार्टर आहे, झाडं आहेत, हवा चांगली. सगळे म्हणाले, बरं झालं.

नितीनचं दुकान चालूच राहिलं. पाटी बदलली. आता तिथे "खुद की क्वारंटाइन सुविधा" असं लिहिलंय.

हे सगळं इथेच संपलं असतं. पण मागच्या हिवाळ्यात देवासचा एक ठेकेदार, बंसलजी, माझ्याकडे माल घ्यायला बसला होता. घासाघीस लांबली, चहा आला, आणि आपल्या घरी टाकी आहे हे सांगायला तो मोबाइल काढून बसला. त्याने एक व्हिडिओ दाखवला. फिक्या निळ्या रंगाचा, पिवळ्या कण्याचा देखणा मासा.

"भोत महंगा पड़ा, भियाजी. दो दिन में मर गया. पहले ये गया, फिर सब गए."

मी मासा बघतच नव्हतो. मासा ज्याच्यातून बाहेर आला तो एल्बो बघत होतो. विटकरी. आणि त्याच्यामागे वीतभर तुकडा, तोंडाशी तिरपा कापलेला. माझी करवत कशी सरकते ते मी ओळखणार नाही?

"हे कुठलं आहे, बंसलजी?"

"अरे, वो काकू के यहाँ का. नितीन भिया ने भेजा था, कि देखो, आपका फिश काकू के पास बैठा है, एकदम पास होके आएगा. पर मेरे को जल्दी थी, घर में फंक्शन था. मैंने कहा, तीन दिन में भेज दो. भेज दिया."

तारीख मोबाइलवर होती. काकू त्या दिवसांत नागपूरला होत्या, बहिणीचं तेरावं करत. आणि तसला निळा मासा काकूंच्या गॅलरीत कधी आला नव्हता. आला असता तर त्यांनी मला चार वेळा सांगितलं असतं.

मी व्हिडिओ माझ्या मोबाइलवर मागून घेतला आणि सौदा अर्धा सोडून विजयनगर गाठलं. नितीनच्या काउंटरवर मोबाइल आपटला. माझाच. काच फुटली. त्याने व्हिडिओ पाहिला, आजूबाजूला पाहिलं आणि मला सोफ्यावर बसवलं.

"चहा घेणार?"

"नितीन, हा मासा तू काकूंच्या टाकीत कधी घातलास?"

"भिया, आवाज... गिऱ्हाईक आहेत. ऐक ना. माझ्या दुकानाचा पाणी गार ठेवणारा चिलर बंद पडला होता. माल कुठे ठेवणार? दोन-तीन दिवसांचा सवाल होता. त्या येण्याआधी मी काढून पण घेतला. दिसायला तर एकदम फिट होता."

"आणि मग लिहिलंस की जाळी ओली होती."

"मी 'असेल' लिहिलं होतं," तो म्हणाला. हे त्याने खरंच म्हटलं. "पुरानी बात हो गई, भिया. काकू आता शांत आहेत तिकडे. कशाला त्यांना त्रास?"

तिथे त्याच्या निळ्या दिव्यांचं मी काय केलं असतं सांगता येत नाही. त्याच्या दोन माणसांनी मला बाहेर आणलं.

मी तसाच सिमरोलला गेलो. दुपार होती. पुतण्या कामावर, त्याच्या बायकोने दार उघडलं. हळूच म्हणाली, "बरं झालं आलात. बघा ना, कोथिंबीर धुवायला दिली तरी धुत नाहीत. पाण्याच्या माठाला हात लावत नाहीत, तहान लागली की मला हाक मारतात."

मला आत्याबाईंचं पिंप आठवलं. तेव्हा दुसऱ्याने मनाई केली होती.

आत पुतण्याने त्यांच्यासाठी हौसेनं गोड्या पाण्याची छोटी टाकी आणून ठेवली होती, रंगीत खडे घातलेली. काकू तिच्याकडे पाठ करून बसल्या होत्या. खूप वाळल्या होत्या. मला बघून मात्र हसल्या. "पाइपवाला आला. कोणाला लुटून येऊन राहिलास?"

मी बंसलजीचा व्हिडिओ काढला. फुटक्या काचेतून दाखवला. सगळं सांगितलं. चिलर, किल्ली, निळा मासा. "काकू, तुमची जाळी वाळलेली होती."

त्यांनी व्हिडिओ दोनदा पाहिला. मासा बघताना त्यांचे ओठ हलत होते. त्या श्वास मोजत होत्या.

"फार जलद घेतोय," त्या म्हणाल्या. मग मोबाइल परत दिला. "हा एल्बो तुझ्या दुकानातला."

"हओ! तुमच्याकडचा. ही तुमची गॅलरी."

"असले एल्बो तू आणखी कितींना विकले असशील."

"एकालाही नाही, काकू. भंगार होतं. सगळं तुम्हीच नेलं."

"भंगारालाही तू नंतर भाव लावला असशील," काकू म्हणाल्या. रागाने नाही, अगदी मायेने. "तू चांगला आहेस, सदा. मला बरं वाटावं म्हणून सौदा करायला आलास. मला कळतंय."

"मी खोटं कशाला बोलू?"

"माझ्यासाठी. त्यासाठीच तर तू बोलशील. नितीनने सांगितलं असतं तर ऐकलं असतं. ते सांगून त्याला काय मिळणार? तोट्याचं बोलणारा माणूस खरा."

आयुष्यभर मी लोकांना पटवत आलो, नको असलेला माल गळ्यात मारला, आणि खरी वस्तू हातात घेऊन त्या बाईसमोर बसलो तर ती घेईना. निघताना दारातून वळून पाहिलं. त्यांनी पुतण्याच्या बायकोकडे पाणी मागितलं होतं. पेला रिकामा करून खाली ठेवला, बाहेरून थेंब लागला असेल म्हणून तळवा पदराला पुसला आणि मग तो तळवा, रिकामाच, गालाला लावून बघितला.

म्हणून हे लिहितोय, नितीन. लोकांसाठी नाही, तुझ्यासाठी. ग्रुपवर काय लिहायचं ते नंतर बघू. ज्यांनी त्या दिवशी हात जोडून तुझी दया वाखाणली त्यांनाही मी एकेकाला गाठणार आहे. पण पहिला जबाब तू द्यायचा आहेस, आणि तो मला नाही. त्या बाईला दुसऱ्या कोणाचा शब्द चालत नाही, माझा तर नाहीच. तू एकटाच उरला आहेस. सिमरोल काही लांब नाही. संस्थेच्या फाटकाशी त्यांच्या पुतण्याचं नाव सांग, आत सोडतील. तिच्यासमोर बस. या वेळी पायांना हात लावायची घाई करू नकोस. आधी हात पूस, वाळू देत, आणि मग तिला सांग, तुझ्या तोंडाने सांग, की जाळी वाळलेली होती.

कधी जातोस, बोल.